माझा राउंड

आईशी फोनवर बोलताना मी पबला हॉटेल म्हणते. आठ वर्षं झाली याला. "काय करून राह्यली वं?" असं तिनं विचारलं की "क्लबसोबत डोंगरावर आलेय, आता हॉटेलात बसलोय," एवढंच सांगते. हे काही खोटं नाही. जेवण तिथे मिळतंच. फक्त आमच्या खामगावात 'बसणे' या क्रियापदाला संध्याकाळी सातनंतर जो अर्थ चढतो, तोही तिथे तंतोतंत लागू असतो, हे मी सांगत नाही.

यंदा जूनच्या दुसऱ्या आठवड्यात, गुरुवारी संध्याकाळी तिचा फोन आला तेव्हा मी ईडेलच्या पबबाहेर छपराखालच्या बाकावर बसून बुटांच्या नाड्या सोडत होते. तिकडे रात्रीचे साडेदहा. सिरियल संपली की ती फोन करते. मृग लागून चार दिवस झाले होते आणि थेंब नव्हता. भावानं कपाशीचं बियाणं आणून ठेवलं होतं, पण पेरणी कशाच्या जोरावर करणार? "मिरग कोरडाच जाते वाटते," ती म्हणाली. मग तिला माझ्या बाजूचा आवाज ऐकू आला. "पानी पडून राह्यलं का तिकडं?"

पडत होतं. चांगलं बदाबदा पडत होतं.

"मंग कायले फिरते वं एवढ्या पान्यात?"

या प्रश्नाचं उत्तर मला अजून जमलेलं नाही. नेटवर्क गेल्याचं सांगून मी आत गेले.

ईडेल म्हणजे मँचेस्टर आणि शेफील्डच्या मधोमध, पीक डिस्ट्रिक्टच्या डोंगरांत दडलेलं एक लांबट खोरं. मी राहते त्या स्टॉकपोर्टहून म्हटलं तर अगदी दाराशी; मँचेस्टरहून रेल्वेनं पाऊण तास. खोऱ्यातल्या वाड्यांच्या नावांत शेवटी 'बूथ' येतं: अप्पर बूथ, बार्बर बूथ, ऑलरब्रुक बूथ. मतदानाशी काही संबंध नाही. बूथ म्हणजे जुन्या काळी गुरं राखणाऱ्यांचा निवारा, आपल्याकडच्या धनगरवाड्यांसारखा. गावाला पब दोन. एक स्टेशनाजवळ आणि दुसरा गाव संपतं तिथे, ओल्ड नॅग्ज हेड. तो १५७७ सालचा असल्याचं सांगतात. त्याच्या दारातून पेनाइन वे ही पायवाट सुरू होते आणि उत्तरेकडे २६८ मैल चालत जाऊन स्कॉटलंडात, कर्क येथमच्या पबपाशी संपते. एका पबपासून दुसऱ्या पबपर्यंत चारशे तीस किलोमीटर. डोंगरवाटांची हातानं लिहिलेली, हातानं चितारलेली पुस्तकं करणारे वेनराइट नावाचे गृहस्थ होते, त्यांनी जाहीरच केलं होतं की सबंध वाट चालून येणाऱ्याला त्या शेवटच्या पबात अर्धा पाइंट बिअर माझ्याकडून. पूर्ण पाइंट नाही, अर्धा. पुण्यात दोन वर्षं काढल्यामुळे मला हा हिशोब फार जवळचा वाटतो.

आमचा क्लब म्हणजे अकरा माणसं आणि एक टेरियर कुत्रा. एक निवृत्त पोस्टमन, वय ७४, ज्याला मी मनातल्या मनात पोस्टमनकाका म्हणते आणि तोंडावर अर्थातच नावानं हाक मारते. एक भूगोलाच्या बाई, त्याही निवृत्त, पण आवाज अजून वर्गातला. चढावर भांडणाऱ्या आणि उतारावर समेट करणाऱ्या दोघी बहिणी. एक दंतवैद्य, जो सगळ्यांना टॉफी वाटतो. बाकीचे असेच. एक रविवार आड चालायचं आणि वर्षातून एकदा चार दिवस कुठेतरी मुक्काम ठोकायचा. नवऱ्याच्या गुडघ्यांना डोंगर मानवत नाही, त्यामुळे मी एकटीच. नियम फारसे नाहीत. फाटक शेवटच्यानं लावायचं. पुढारी चुकला तरी जिवावरचं नसेल तोवर त्याला टोकायचं नाही. आणि चाल पबात संपली पाहिजे. राजगडावरून उतरलं की पायथ्याच्या गावात कुणाच्या तरी पडवीत पिठलं-भाकरी मिळायची आणि ती खाल्ल्याशिवाय ट्रेक झाला असं वाटायचंच नाही, तसंच हे. ते समजायला मला अजिबात वेळ लागला नाही. वेळ लागला तो राउंड समजायला.

पबात वेटर येत नाही. उठून काउंटरवर जायचं, मागायचं, पैसे द्यायचे, ग्लास आपणच टेबलापर्यंत आणायचे. काउंटरपाशी रांग नसते, पण आपल्याआधी कोण आलं हे प्रत्येकाला ठाऊक असतं. बारवालीनं चुकून तुम्हाला आधी विचारलं तर "हे माझ्याआधी आलेत" असं म्हणायचं असतं. तसं म्हणाला नाहीत तर कुणी काही बोलत नाही, पण हवा बदलते. आणि एका टेबलावरचे दहाजण दहा वेळा उठत नाहीत. एकजण उठतो, सगळ्यांचं आणतो, सगळ्यांचे पैसे देतो. ग्लास तळाला आले की दुसरा उठतो. हा राउंड. कुणी मोजत नाही, कुणी लिहून ठेवत नाही, आणि कुणाची पाळी चुकली हे दोन वर्षांनंतरही सगळ्यांच्या लक्षात असतं. कॉलेजात आमचं सगळं टीटीएमएम चालायचं, तुझं तू माझं मी, कटिंग चहासुद्धा. टीटीएमएमचा फायदा असा की उठताना कुणी कुणाचं देणं लागत नाही. राउंडची गंमत नेमकी उलटी आहे. प्रत्येकजण सतत कुणाचं तरी देणं लागतो, त्यामुळे उठता येत नाही.

ही चेष्टा नव्हे. पहिल्या महायुद्धात, १९१५ साली, इथल्या सरकारनं दारूगोळ्याचे कारखाने होते तिथे आणि लंडनमध्येही दुसऱ्याला दारू पाजण्यावर बंदी घातली होती. पिण्यावर नाही, पाजण्यावर. एक घेऊन घरी जाणारा कामगार पाचजणांच्या राउंडात सापडला की पाच घेतल्याशिवाय सुटत नाही आणि दुसऱ्या दिवशी तोफगोळे कोण बनवणार, हा हिशोब. जेवणासोबत पाजलेलं चालायचं. एरवी नवऱ्यानं बायकोला स्वतःच्या पैशानं ग्लासभर पाजली तरी गुन्हा. माणसाला माणसापासून तोडायला कायदा लागला, असं भूगोलाच्या बाई म्हणतात. पण त्यांचा तिसरा ग्लास असतो तेव्हा त्या बऱ्याच गोष्टी म्हणतात.

मी पीत नाही. व्रत वगैरे काही नाही, फक्त कधी घेतली नाही आणि आता पन्नाशीनंतर सुरू कशाला करायची, एवढंच. मी घेते लाइम-सोडा. आणि त्यामुळे आठ वर्षं मला एकदाही राउंड करू दिलेला नाही. "तू राहू दे, तू काय लाइम-सोडाच घेतेस." हा इथल्या लोकांचा न्याय: सात पाइंटांचा खर्च सोड्याच्या एका ग्लासावर लादायचा कसा? पाइंट म्हणजे ५६८ मिलिलिटर, आणि किंमत माझ्या ग्लासाच्या कितीतरी पट. त्यांचं गणित बरोबर आहे. पण माझा लाइम-सोडा मात्र दर वेळी कुणाच्या ना कुणाच्या राउंडातून येतो. सुरुवातीला वाटायचं, काय भली माणसं आहेत. मग तीनेक वर्षांनी खुपायला लागलं. पंगतीत पाहुण्याला आग्रह होतो, चांगल्या जागी बसवतात, तूप जास्त वाढतात. पण भाताचं भांडं त्याच्या हातात कुणी देत नाही. वाढतो तो घरचा माणूस.

दोन वर्षांपूर्वी मी एकदा हुशारी केली. सगळे बूट काढत असताना गुपचूप काउंटरवर जाऊन दहाजणांचे पैसे देऊन आले. इतके अवघडले बिचारे! थँक यूंचा नुसता पाऊस पडला. पोस्टमनकाकांची पाळी होती, ते हातातल्या नोटेकडे बघत उभेच राहिले. पुन्हा तसं केलं नाही.

शुक्रवारी पाऊस थांबला. भाड्याच्या मिनीबसनं आम्ही स्नेक पासच्या माथ्यावर उतरलो आणि पेनाइन वे धरून दक्षिणेला, ईडेलकडे परत चालत निघालो. सोळा-सतरा किलोमीटर. या डोंगरांना आपल्यासारखे सुळके नाहीत, कातळकडे नाहीत म्हणायला हरकत नाही. सगळ्यांत उंच किंडर स्काउट, तोही ६३६ मीटर. आपल्याकडे एवढ्या उंचीला कुणी नाव विचारणार नाही. पण वर गेलं की चहूकडे पसरलेलं सपाट, काळं, ओलं रान. पीट. म्हणजे हजारो वर्षं पाण्यात अर्धवट कुजत पडलेलं शेवाळ आणि गवत, कुठे कुठे दोन-तीन पुरुष खोल. त्यात पूर्वी माणसं गुडघ्यापर्यंत रुतायची. आता वाटेवर दगडी फरशा टाकल्यात, हेलिकॉप्टरनं आणून. मी खाली बघत चालत होते, कारण ओल्या फरशीवरून पाय घसरतो. एका फरशीत वाटोळं भोक दिसलं. पुढच्या एकीत दोन भोकं आणि एक लांब खाच. दंतवैद्याला विचारलं तर तो म्हणाला, यंत्रं ठोकायची भोकं असणार. या फरशांतल्या बऱ्याचशा पाडलेल्या कापडगिरण्यांतल्या आहेत, लँकेशायरच्या.

मी थांबले. कुत्रा येऊन पायाला धडकला.

अमेरिकेत १८६१ साली यादवी सुरू झाली, तिथला कापूस यायचा बंद झाला आणि लँकेशायरच्या गिरण्यांवर उपासमारीची पाळी आली. मग डोळे लागले हिंदुस्थानच्या कापसाकडे, वऱ्हाडच्या कापसाकडे. आमच्या गावाला जलंबवरून रेल्वेचा फाटा आला तो १८७० साली. शाळेत आम्हाला तो प्रगतीचा धडा म्हणून शिकवलेला, आणि तो कापूस नेण्यासाठी टाकला होता हे नंतर कुणीतरी सांगितलं. आमच्या घरात चार पिढ्या कपाशीच. त्यातली एखादी गाठ या फरशीवरून ओढत नेली असेल का, वगैरे विचार मी करू शकले असते. खरं सांगायचं तर तेव्हा डोक्यात एवढंच आलं की बापरे, किती झिजलीय ही. मधोमध पसरट खळगा पडला होता आणि त्यात पाणी साचलं होतं. आमच्या बुटांनी काही तीस वर्षांत तसा खळगा पडत नाही. ती झीज आधीची होती, लाकडी तळव्यांच्या बुटांची.

फरशांच्या दोन्ही बाजूंना कापूसगवत फुललं होतं. त्याचा हंगामच हा, मेअखेर ते जून. काळ्या पीटवर पांढरी भुरभुरीत बोंडं. दुरून पाहिलं तर दसऱ्यानंतरचं आमचं वावर. एक तोडून बोटांत पिळून बघितलं. पीळ बसत नाही, तंतू तुटतो. म्हणून याचं सूत काही धड निघालं नाही, उशा वगैरे भरल्या. आणि ही माती आपल्या काळ्या मातीसारखी नुसती दिसते. इतकी आंबट की त्यात दुसरं पीक येत नाही. त्यात मँचेस्टर-शेफील्डच्या धुराड्यांनी शंभर-दीडशे वर्षं काजळी ओतली, पाणी धरून ठेवणारं शेवाळच मेलं, डोंगर उघडेबोडके झाले. ते शेवाळ आता पुन्हा लावतात, मूठ मूठ, हातानं. डोंगर सावरायचं हे काम २००३ पासून चाललंय. ज्या गिरण्यांच्या धुरानं रान जाळलं त्यांच्याच फरशा रान तुडवलं जाऊ नये म्हणून टाकल्यात. हे मी फोटो काढून भावाला पाठवलं. त्याचं उत्तर आलं: 'पाऊस नाही अजून.'

दुपारी किंडर डाउनफॉलला पोचलो. तीस मीटरचा धबधबा. पश्चिमेचा वारा जोरात असला की पाणी खाली पडतच नाही, उलटं वर उडतं. नाणेघाटातला उलटा धबधबा मी या मंडळींना फोनवर दाखवलाय. तेव्हापासून डाउनफॉलचा विषय निघाला की पोस्टमनकाका "तुमच्याकडचा मोठा" असं आधीच कबूल करून टाकतात, मी बोलायच्या आत.

त्या रात्री पबात २४ एप्रिल १९३२ ची गोष्ट निघाली. ती दर वर्षी निघते. किंडर तेव्हा जमीनदारांचं होतं. ग्राउस नावाच्या पक्ष्याच्या शिकारीसाठी राखलेलं, बंदुका वर्षातून मोजके दिवस यायच्या आणि बाकी सगळे दिवस राखणदार लोकांना हाकलायचे. खाली गिरण्यांत, कारखान्यांत सहा दिवस राबणाऱ्यांना सातव्या दिवशी मोकळी हवा हवी होती आणि ती एका तिकिटाच्या अंतरावर दिसत होती, पण तिच्यात पाय ठेवता येत नव्हता. त्या रविवारी हेफील्ड गावातून सुमारे चारशे जण मुद्दाम, गाणी म्हणत, किंडरवर चढले. पुढारी होता बेनी रॉथमन, मँचेस्टरचा, वय वर्षं वीस. वर राखणदारांशी झटापट झाली, उतरल्यावर पोलिसांनी सहाजणांना धरलं, पाचजणांना दोन ते सहा महिन्यांची कैद झाली. गुन्हा काय, तर डोंगर चढले आणि दंगा केला. आपल्याकडे त्याच सुमाराला कायदेभंगात लोक तुरुंगात जात होते, त्यामुळे मला ही गोष्ट पहिल्यांदा ऐकतानाही ओळखीची वाटली होती. १९५१ मध्ये हाच भाग ब्रिटनचं पहिलं राष्ट्रीय उद्यान झाला. २००२ साली, सत्तर वर्षांनी, तेव्हाचे ड्यूक ऑफ डेव्हनशर हेफील्डला आले आणि आजोबांच्या वतीनं चूक झाल्याचं बोलून गेले.

या भागात कुणालाही विचारा, त्याचे आजोबा त्या चारशेंत असतात. सगळे मोजले तर चार हजार भरतील. पोस्टमनकाकांचं मला म्हणून कौतुक वाटतं. "माझे वडील नव्हते," ते म्हणतात. "त्या रविवारी ते झोपले होते."

टेबलाच्या मध्यभागी कुणीतरी वेफर्सचं पाकीट आणून ठेवलं. वरून फोडायचं नसतं. पाठीमागचा सांधा उकलायचा, दोन्ही टोकं फाडायची आणि ते ताटासारखं उलगडून मधोमध ठेवायचं, म्हणजे ते सगळ्यांचं. एकानं हात घातला की दुसऱ्याचा हात थांबतो. न सांगता. दहा मिनिटांत चांदीच्या कागदावर फक्त मीठ उरलं आणि भूगोलाच्या बाईंनी बोट ओलं करून तेही संपवलं. मग त्या उठल्या, बोटानं आमच्यावरून हवेत मोजदाद केली आणि माझ्यापाशी येऊन थबकल्या. "लाइम-सोडा," त्या म्हणाल्या. प्रश्न नव्हताच तो.

शनिवारबद्दल फार सांगण्यासारखं नाही. खोऱ्याच्या दुसऱ्या बाजूच्या धारेवरून चाललो, वर माणसांची जत्रा. मॅम टॉर नावाच्या डोंगराखाली एक डांबरी रस्ता आहे, १९७९ मध्ये डोंगर सरकतोय म्हणून कायमचा बंद केलेला. डांबराच्या घड्या पडल्यात, मधली पांढरी रेघ भलत्याच पातळीवर जाऊन पुन्हा सुरू होते. कॅसलटनला ओटकेक खाल्ला. ते सरळसरळ धिरडं आहे, ओटच्या पिठाचं, आणि ते लोक त्यात चीज घालून त्याचं वाटोळं करतात. मी पिशवीतून लसणाची चटणी काढली. दोघी बहिणींचं त्यावरून भांडण झालं.

रविवारी पुढारीपण माझ्याकडे होतं. पहिल्यांदाच. मी फेब्रुवारीपासून नकाशा उघडून बसले होते. ईडेलहून ग्राइंड्सब्रुकच्या घळीतून वर, मग किंडरचं पठार आडवं ओलांडून डाउनफॉल, तिथून कडेकडेनं ॲशप हेड आणि विल्यम क्लफच्या ओढ्यानं खाली हेफील्ड. सोळा किलोमीटर. नेस्मिथ नावाच्या स्कॉटिश गिर्यारोहकानं १८९२ साली एक हिशोब सांगून ठेवलाय, तो इथे अजून सगळे वापरतात: पाच किलोमीटरला एक तास आणि सहाशे मीटर चढाला एक तास. मी तो मांडला, वर चहाचे थांबे धरले, कुत्र्याचे धरले. नऊला निघायचं, दोनला हेफील्डच्या पबात जेवायला. स्वयंपाकघर तीनला बंद होतं हेही फोन करून विचारलं होतं.

घळ संपून पठारावर पाय ठेवला आणि धुकं आलं. आलं म्हणजे पडदा सोडावा तसं. किंडरचं पठार स्वच्छ उजेडातही सोपं नाही. पीटमध्ये पाण्यानं खोल चर कोरलेत, ग्रफ म्हणतात त्यांना, माणूस बुडेल एवढे. त्यात उतरायचं, तो वळेल तसं वळायचं, पलीकडून चढायचं, की पुढे दुसरा. दहा चर ओलांडले की दिशेचं काही खरं नसतं. मी कंपास धरला, वायव्य पकडली, आणि दर चरात तिच्यापासून जराशी डावीकडे सरकत गेले. तेव्हा कळलं नाही. धुक्यात कुठेतरी एक ग्राउस ओरडत होता. त्याचं ओरडणं हुबेहूब 'गो बॅक, गो बॅक' असं असतं.

अर्ध्या-पाऊण तासानं एका चरात उतरले तर खालचं पाणी, चहाच्या रंगाचं, माझ्याकडे यायला लागलं. माझ्या हिशोबानं ते पुढे, डाउनफॉलकडे वाहायला हवं होतं. वाहत होतं ग्राइंड्सब्रुककडे, म्हणजे आलो तिकडे. मी चार पावलं गेले आणि चिखलात ताजे ठसे दिसले. बरेच बूट. कडेकडेनं कुत्र्याचे पंजे.

चकवा. लहानपणी आजीकडून ऐकलेला, वावरातून रात्री परतणाऱ्या माणसाला रातभर एकाच जागेभोवती फिरवणारा. ती सांगायची, चकवा लागला की चालायचं नाही. जिथं असू तिथं बसायचं, उजाडेपर्यंत. मागे वळून दहा चेहऱ्यांकडे पाहिलं. कुणी काही बोललं नाही. पोस्टमनकाका कुत्र्याच्या कानातला चिखल काढण्यात भलतेच गुंतले होते.

"चहा," मी म्हणाले.

चरात ओळीनं बसलो. थर्मास निघाले. टॉफी फिरली. मी नकाशा मांडीवर घेतला आणि एकदाही घाई केली नाही, हे मला आजही पटत नाही, कारण पोटात गोळा आला होता. मग धाकट्या बहिणीला कंपासच्या रेषेवर पुढे पाठवलं, दिसेनाशी व्हायच्या आत "थांब" म्हणाले, आम्ही तिच्यापर्यंत गेलो, पुन्हा तिला पुढे पाठवलं. वीस-वीस पावलांची चाल. थोरलीला ते आवडलं नाही, तिलाही पुढे जायचं होतं, मग आळीपाळीनं. असं करत करत पाणी अखेर आमच्या बाजूनं वाहायला लागलं, त्याचा ओढा झाला, आणि ओढ्यामागून डाउनफॉल. धबधबा दिसला नाही. ऐकू आला.

विल्यम क्लफ उतरताना धुकं वर राहिलं. त्या चारशेंनी चढलेली वाट आम्ही उलटी उतरलो आणि पाठीवरच्या दप्तराचं वजन सोडून मला दुसरं काही जाणवत नव्हतं. हेफील्डच्या पबात शिरलो तेव्हा चार वाजून दहा मिनिटं झाली होती. स्वयंपाकघर बंद. दहा उपाशी माणसं, पायांत प्लॅस्टिकच्या पिशव्या बांधलेली, कारण गालिचा नवा होता. मी माफी मागायला तोंड उघडलं.

"वीस मिनिटं आधी कळलं होतं मला," पोस्टमनकाका बूट काढता काढता म्हणाले. "ठसे बघून नाही. वाऱ्यानं. आधी उजव्या गालाला लागत होता, मग डाव्या." मग मान वर करून, सगळ्यांना ऐकू जाईल असं: "जिनं फिरवलं तिचा राउंड."

आणि कुणी "तू राहू दे" म्हणालं नाही. एकानंही नाही. दंतवैद्य तर म्हणाला, मग मी आज पूर्ण पाइंट घेतो.

काउंटरवर माझ्याआधी एकजण होता. बारवालीनं मला विचारलं, मी म्हणाले, हे आधी आलेत. माझी वेळ आली तेव्हा न अडखळता सांगितलं: चार बिटर, दोन हाफ, एक स्टाउट, दोन सायडर, एक शँडी. एक लाइम-सोडा. कुत्र्याला वाटीभर पाणी. वेफर्सची पाकिटं, आहेत तेवढी. आठ वर्षं ऐकलेली यादी, पाठच होती. ती पंपाचा दांडा ओढत एकेक ग्लास भरत होती, फेस खाली बसायची वाट बघत होती. शेवटी पैसे देताना मी ते वाक्य म्हटलं जे इथे सुट्टे परत न घेता म्हणतात आणि जे मी दर वेळी दुसऱ्यांच्या तोंडून ऐकलं होतं: "आणि एक तुमच्यासाठी."

"घेते," ती म्हणाली.

पहिला ट्रे उचलला आणि खिशातला फोन थरथरायला लागला. दोन्ही हात गुंतलेले. चिखलानं जड झालेली पावलं पिशव्यांत सरकत होती, बिटर हिंदकळत होती, आणि दहाजण मला बघत होते, वाट करून देत होते, पण मदतीला कुणी उठलं नाही. दोन फेऱ्या झाल्या. सगळ्यांपुढे ग्लास ठेवले, पाकिटं पाठीमागून उकलून मधोमध पसरली आणि मग बाहेर जाऊन आईला फोन लावला.

"किती वेळची लावून राह्यली. कुठं होती?"

"हॉटेलात. वाढत होते."

"कोनाले?"

"सगळ्यांना. क्लबातल्या."

ती थोडा वेळ काहीच बोलली नाही. मागे कुठेतरी पत्र्यावर तडतड आवाज येत होता.

"हॉटेलात बी तुलेच वाढा लागते? कायचं हॉटेल हाय वं मंग ते?"